‘सगळ्यांकडे फोर व्हील ड्राइव्ह आहे’ एवढ्यावर ही सहल काढू नका: हिवाळी कॅरव्हॅन सहलीच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
ॲडलेड आणि मेलबर्नच्या मराठी कुटुंबांची हिवाळी कॅरव्हॅन सहल आखणारी समिती

सप्रेम नमस्कार.

जुलैच्या शाळेच्या सुट्टीतल्या सहलीचा तुमचा निरोप मिळाला. मारी ते मार्ला, म्हणजे साउथ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला अख्खा ऊडनाडाटा ट्रॅक हा कच्चा रस्ता, गाडीमागे कॅरव्हॅन (चाकांवरचं घर) जोडून. त्यातल्या दोन वाक्यांमुळे हे पत्र लिहावं लागतंय. पहिलं, ‘रस्त्याचं टेन्शन घेऊ नका, सगळ्यांकडे फोर व्हील ड्राइव्ह आहे.’ दुसरं, ‘बुकिंग झाली आहेत, तारखा बदलणार नाहीत.’ त्यावर मी ग्रुपवर विचारलं होतं की रस्त्याची स्थिती कोण बघणार, कधी बघणार, आणि रस्ता बिघडला तर काय करायचं ठरलंय? कुणीही उत्तर दिलं नाही, आणि बोलणं जेवणाच्या यादीकडे वळलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. ज्या ज्या घरानं या सहलीला नाव दिलंय, त्या प्रत्येक घरात हे वाचलं जावं.

मी पोर्ट ऑगस्टाला राहते आणि परिचारिका म्हणून काम करते. ॲडलेडहून उत्तरेकडे जाणारी बहुतेक कॅरव्हॅनं आमच्या गावातून पुढे जातात. फ्लाइंग डॉक्टरांचा, म्हणजे दूरच्या रुग्णांपर्यंत विमानानं जाणाऱ्या वैद्यकीय सेवेचा तळही इथेच आहे. त्यामुळे आउटबॅकच्या, म्हणजे आतल्या ओसाड भागातल्या रस्त्यावर गाडी अडकली, उलटली, कुणाला बाहेर काढावं लागलं, तर ती बातमी आमच्याकडे वर्तमानपत्राच्या आधी पोचते. पण हे पत्र मी केवळ कामाच्या अनुभवावरून लिहीत नाही. मागच्या वर्षी तुमच्या ताफ्यात माझा भाऊ, वहिनी, त्यांची मुलं आणि सांगलीहून आलेले माझे आई-बाबा होते.

त्या दिवशी काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. पण सहलीच्या व्हिडिओत ते ज्या पद्धतीनं दाखवलं गेलं तसं ते नव्हतं, म्हणून पुन्हा सांगते. विल्यम क्रीकहून ऊडनाडाटाकडे निघताना आकाश भरून आलेलं होतं. हवामान खात्याचा अंदाज आदल्या संध्याकाळपासून पाऊस सांगत होता. सकाळी रस्त्यांच्या स्थितीचा नकाशा कुणी उघडला नाही, हॉटेलच्या काउंटरवर कुणी चौकशी केली नाही. भावानं विचारलं तेव्हा ‘ॲडलेड सोडताना बघितलंय, रस्ता चालू आहे’ असं त्याला सांगण्यात आलं. ॲडलेड सोडून तेव्हा बरेच दिवस झाले होते.

दुपारी पाऊस आला. फार नव्हता, पुण्यात तेवढ्या पावसाला कुणी आडोसाही शोधत नाही. पण तिथली माती वेगळी. तासाभरात ती चाकांना थापली गेली, मडगार्डच्या आत दाबून भरली आणि चाकं फिरायचीच थांबली. रस्ता मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असतो. भावाची गाडी त्या उतारावरून आपोआप कडेला सरकायला लागली. ब्रेक लावला की मागून कॅरव्हॅन ढकलायची, ब्रेक सोडला की सरकणं सुरूच. शेवटी कॅरव्हॅनचं डावं चाक कडेच्या चरात उतरलं, ती तिरकी झाली आणि गाडीला आडवी येऊन थांबली. बाबांचं इन्सुलिन कॅरव्हॅनच्या फ्रिजमध्ये होतं आणि दार चराच्या बाजूला, चिखलात रुतलेलं. वहिनी वरच्या बाजूच्या खिडकीतून आत शिरली, फ्रिजपर्यंत सरपटत गेली आणि डबा बाहेर घेऊन आली. रात्र तिथेच काढावी लागली. जुलैमध्ये त्या भागात रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं गाडीच्या सीटवर रजया पांघरून बसून होती आणि फोनला रेंज नव्हती.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गुरांच्या स्टेशनवरचं, म्हणजे गुरं पाळायच्या अवाढव्य रानावर राहणारं एक जोडपं ट्रॅक्टर घेऊन आलं. त्यांनी एकेक गाडी ओढून कठीण जमिनीवर आणली, सगळ्यांना चहा दिला, मुलांना ब्रेड दिला. समितीनं त्यांना डिझेलचे पैसेसुद्धा देऊ केले नाहीत. आणि व्हिडिओत त्या प्रसंगावर गाणं लावून खाली ‘ॲडव्हेंचर’ असं लिहिलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ‘फोर व्हील ड्राइव्ह आहे’ या उत्तराबद्दल. चारही चाकांना जोर मिळतो, तो गाडी पुढे जायला उपयोगी पडतो. घसरणारी गाडी थांबवायला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि मागे अडीच-तीन टनांची कॅरव्हॅन असली तर सगळं गणितच बदलतं. कॅरव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टो बॉलवर, म्हणजे गाडीला कॅरव्हॅन जोडतात त्या गोळ्यावर येतो. त्यानं गाडीचा मागचा भाग दबतो, पुढचा हलका होतो, आणि स्टिअरिंग तर पुढच्या चाकांवर असतं. कोरड्या डांबरावर हे जाणवत नाही. ओल्या मातीत किंवा बुलडस्टमध्ये, म्हणजे पिठासारख्या धुळीनं भरलेल्या खड्ड्यात, नेमकं हेच जाणवतं. आणि सर्वांत मोठा फरक मागे फिरण्याचा. नुसती गाडी असेल तर पुढचा चिखल बघून माणूस वळवून परत येऊ शकतो. गाडी आणि कॅरव्हॅन मिळून बारा-चौदा मीटर लांबी होते. दोन्ही बाजूंना चर असलेल्या ओल्या रस्त्यावर ती वळवता येत नाही, रिव्हर्स घेता येत नाही. मागे तशीच आणखी पाच कुटुंबं उभी असतील तर मुळीच नाही.

त्यात तुमच्या यादीतल्या सगळ्या गाड्या खऱ्या अर्थानं फोर व्हील ड्राइव्ह नाहीत. निदान तिघांकडे शहरात चालवायच्या ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही आहेत. त्यांना लो रेंज (अगदी हळू, जास्त जोरानं चालवायचा गिअर) नाही आणि त्यांची जमिनीपासूनची उंची कमी आहे. कॅरव्हॅनही बहुतेक डांबरी रस्त्यासाठी बनवलेल्या आहेत. कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात. त्यांवरून तासन्‌तास गेलं की कपाटांचे स्क्रू सुटतात, ब्रेकची वायर तुटते, चाकाचं बेअरिंग तापतं, खालची पाण्याची टाकी दगड लागून फुटते. पाण्याची टाकी वाळवंटात फुटणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. टायरमधली हवा किती कमी करायची, वजन समतोल ठेवणारे हिचचे बार कच्च्या रस्त्यावर काढायचे की ठेवायचे, भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन काट्यावर कुणी करून घेतलंय का, यातलं काहीच तुमच्या निरोपात नाही. तंबूत कोण झोपणार आणि भाकरी कोण आणणार हे मात्र आहे.

दुसरी तक्रार रस्त्याची स्थिती एकदाच बघण्याबद्दल. ऊडनाडाटा ट्रॅक सुमारे ६२० किलोमीटरचा आहे. वर्षभरात तिथे पाऊस इतका कमी पडतो की ऊडनाडाटाचं नाव आपल्याला उन्हाळ्यासाठी माहीत आहे. २ जानेवारी १९६० रोजी तिथे ५०.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली. पण अशा जमिनीत पाणी मुरत नाही, आणि थोड्याशा पावसानं रस्ता बंद होतो. या वाटेवरून पूर्वी घान रेल्वे धावायची. पुरात तिचे रूळ वाहून जायचे आणि गाडी दिवसेंदिवस अडकून पडायची. शेवटी १९८० मध्ये ती वाट सोडून पश्चिमेकडून नवा लोहमार्ग टाकावा लागला. नील्स नदीवरचा आल्जेबकिनाचा जुना लोखंडी पूल तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, फोटो काढलेत. एरवी त्याच्या खाली डबक्यापलीकडे काही दिसत नाही. तो ५७८ मीटर लांब आहे. एवढा लांब पूल त्या ओसाड जागी का बांधावा लागला, याचा विचार त्या फोटोसमोर बसून एकदा करा. (त्याआधी या भागात उंटांचे तांडे चालायचे. १८६६ मध्ये उंट आणि उंटवाले कराचीहून आणले होते आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मारीत त्यांची वस्ती होती. आपल्याकडच्या बंदरातून आलेली ती माणसं हा मुलूख पायांनी ओळखत होती.)

आकाश निरभ्र आहे म्हणून रस्ता चालू असेल, हेही खरं नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस पश्चिम क्वीन्सलँडमध्ये प्रचंड पाऊस झाला. ते पाणी कूपर क्रीक आणि डायमंटिनाच्या पात्रांतून सरकत सरकत काटी थांडा–लेक एअर या खाऱ्या सरोवराकडे यायला कित्येक आठवडे लागले. पाऊस पडला शेकडो किलोमीटर दूर, आणि ऊन पडलेल्या दिवशी मारीहून क्वीन्सलँडकडे जाणारा बर्ड्सव्हिल ट्रॅक पाण्याखाली होता. डांबरी हमरस्त्याचीही खात्री देता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ग्लेंडॅम्बोजवळ स्टुअर्ट हायवे पुरानं तुटला होता आणि कूबर पीडीला हवाई दलाच्या विमानानं धान्य पोचवावं लागलं होतं. तुमच्या निरोपात ‘पुढच्या वर्षी बर्ड्सव्हिल’ असंही लिहिलंय. तिथे जाताना राज्याची सीमा ओलांडावी लागते. साउथ ऑस्ट्रेलियाच्या रस्ते खात्याचा नकाशा वेगळा, क्वीन्सलँडचा वेगळा, नॉर्दर्न टेरिटरीचा रोड रिपोर्ट आणखी वेगळा. एकाच नकाशावर भरवसा ठेवला तर पुढचा अर्धा रस्ता न बघताच निघालो असं होतं.

रस्त्याची चौकशी कशी करायची हे इथली माणसं रोज करतात, त्यामुळे ते सांगायला मला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. आधी खात्याचा नकाशा उघडायचा आणि आपला रस्ता तुकड्या-तुकड्यांनी बघायचा, कारण मारी ते विल्यम क्रीक चालू आणि विल्यम क्रीक ते ऊडनाडाटा बंद असं सर्रास असतं. शेरा वाचला की तो शेवटचा कधी बदलला ती वेळ वाचायची. ‘फक्त फोर व्हील ड्राइव्हसाठी खुला’ असं लिहिलेलं असेल तर तो शेरा गाडीबद्दल आहे. मागे काय जोडलंय त्याची हमी त्यात नाही. मग हवामान खात्याचा पुढच्या चार दिवसांचा अंदाज आणि रडार बघायचं, आपण जाणार आहोत तिथलं आणि नदी जिथून येते तिथलंही. त्यानंतर पुढच्या मुक्कामाच्या रोडहाऊसला (रस्त्यावरचा पेट्रोल पंप आणि खानावळ) किंवा हॉटेलला फोन करायचा आणि नेमकं विचारायचं. आज तिकडून कॅरव्हॅन घेऊन कुणी आलंय का? रस्ता सपाट करणारा ग्रेडर शेवटचा कधी फिरला? ओढ्यांमध्ये पाणी आहे का, असलं तर किती, आणि तळ कठीण आहे का? तुम्ही स्वतः आज कॅरव्हॅन नेली असती का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. तिथली माणसं फार मोकळेपणानं उत्तर देतात, आणि त्यांचं उत्तर नकाशापेक्षा काही तास पुढचं असतं. वाटेत समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला गाडीतल्या यूएचएफ रेडिओच्या चॅनेल ४० वर विचारता येतं. मारीला रस्त्यांचा मोठा फलक आहे, प्रत्येक रस्त्यापुढे चालू की बंद ते लिहिलेलं असतं. त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी तो वाचावा एवढीच माझी विनंती.

ही सगळी चौकशी अर्ध्या तासात होते, पण ती रोज सकाळी करावी लागते, गाडी सुरू करायच्या आधी.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त सलते. आपण तिथे पाहुणे आहोत. ओल्या रस्त्यावरून कॅरव्हॅनची रांग गेली की खोल चाकोऱ्या पडतात. ऊन पडलं की त्या विटेसारख्या कडक होतात आणि पुन्हा ग्रेडर येईपर्यंत तशाच राहतात. त्यावरून टपाल जातं, गुरांचे ट्रक जातात, स्टेशनवरच्या बायका मुलांना दवाखान्यात नेतात. आपण चार दिवस फिरून घरी येतो आणि ते लोक पुढचे कित्येक आठवडे त्या चाकोऱ्यांतून गाड्या चालवतात. मागच्या वर्षी चिखल टाळायला काही जणांनी रस्ता सोडून बाजूच्या रानातून गाड्या घातल्या. ते कुणाचं तरी चराऊ रान आहे, आणि अरबाना लोकांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी आहे. त्या वाटेवरचे झरे हजारो वर्षं लोकांनी जपले म्हणून तिथून माणूस जाऊ शकला. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. विमा कंपनीही अशा वेळी हात वर करू शकते. पण दंड नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

आणि ‘काही झालंच तर फ्लाइंग डॉक्टर येतील’ असं जे बोललं जातं, ते कृपा करून थांबवा. विमान स्टेशनवरच्या मातीच्या धावपट्टीवर उतरतं. ज्या पावसानं रस्ता बंद होतो, त्याच पावसानं धावपट्टीही बंद होऊ शकते. शिवाय आधी त्यांना कळायला हवं, आणि तुमच्या ताफ्यात सॅटेलाइट फोन नव्हता, पीएलबीही (संकटात उपग्रहामार्फत आपलं ठिकाण कळवणारं छोटं यंत्र) नव्हता.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना या सहलीत नेण्याबद्दल वेगळं लिहिते, कारण या वर्षीच्या यादीत अशी बरीच नावं दिसतात. ती माणसं मुलांच्या भरवशावर गाडीत बसतात. पुढचा रस्ता कसा आहे, हे विचारायचं त्यांना सुचत नाही आणि सुचलं तरी मुलांच्या मित्रांसमोर ती बोलत नाहीत. माझ्या आईनं सांगलीला परत गेल्यावर फोनवर सांगितलं की त्या रात्री बाबांची साखर किती खाली गेली होती. इथे असताना बोलली नाही. तुमच्या सहलीची मजा बिघडू नये म्हणून.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते.

तारखा ठाम ठेवायच्या असतील तर मार्ग मोकळा ठेवा. पर्यायी मार्ग आजच जाहीर करा: डांबरी रस्त्यानं विल्पेना आणि फ्लिंडर्स रेंजेस, किंवा स्टुअर्ट हायवेनं कूबर पीडी. दोन्हीकडे मुलांना बघण्यासारखं भरपूर आहे आणि कुणाची सुट्टी वाया जात नाही. परत मिळणार नाहीत अशी बुकिंग कच्च्या रस्त्यावरच्या मुक्कामांसाठी करू नका. पैसे अडकले की माणसं निघतात, मागच्या वर्षीही तेच झालं.

रस्त्याची स्थिती बघायला दोन माणसांची नावानं नेमणूक करा. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून आणि मग प्रत्येक मुक्कामी सकाळी त्यांनी नकाशाचा शेरा, त्याची वेळ आणि पुढच्या रोडहाऊसचं उत्तर ग्रुपवर लिहावं. ते लिहून येईपर्यंत कुणीही इंजिन सुरू करायचं नाही. ताफ्यातला कोणताही एक चालक ‘मला हे जमणार नाही’ म्हणाला, तर सगळे थांबतील किंवा त्याच्यासोबत एक गाडी मागे फिरेल, हे लेखी ठरवा. त्याला कुणी भित्रा म्हणायचं नाही.

ज्यांची कॅरव्हॅन कच्च्या रस्त्याची नाही त्यांनी ती डांबर संपायच्या आधी कॅरव्हॅन पार्कमध्ये ठेवावी आणि पुढे केबिनमध्ये किंवा तंबूत राहावं. ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांनी मागे काहीही जोडून या ट्रॅकवर येऊ नये. प्रत्येक जोडगाडीचं भरलेलं वजन काट्यावर करून पावती समितीकडे द्यावी. ताफ्यात निदान एक सॅटेलाइट फोन आणि प्रत्येक गाडीत यूएचएफ रेडिओ असावा. भाड्यानं मिळतात, वर्गणीतून घ्या. ज्येष्ठांची औषधं कॅरव्हॅनमध्ये न ठेवता गाडीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवावीत.

बंदचा फलक दिसला की तिथेच थांबायचं. बाजूनं वाट काढायची नाही, ‘बघून तरी येऊ’ म्हणायचं नाही.

आणि मागच्या वर्षी ज्या स्टेशनच्या जोडप्यानं आपल्याला बाहेर काढलं, त्यांना समितीच्या नावानं पत्र आणि डिझेलचे, दिवसभराच्या मजुरीचे पैसे या महिन्यात पाठवा. पत्ता माझ्या भावाकडे आहे. समितीनं पाठवले नाहीत तर आम्ही घरचे पाठवू, पण ते समितीकडून जायला हवेत.

यातल्या प्रत्येक मागणीवर हो किंवा नाही असं उत्तर पुढच्या रविवारच्या बैठकीआधी ग्रुपवर द्या. मला वेगळा फोन करून समजूत घालू नका. ज्यांनी मुलाबाळांची आणि आई-वडिलांची नावं दिली आहेत त्या सगळ्यांना ते वाचता यायला हवं. उत्तर ‘हो’ असेल तर निघायच्या आठवड्यात रोज सकाळी रोडहाऊसना फोन करण्याचं काम मी पोर्ट ऑगस्टाहून आनंदानं करीन. ‘नाही’ असेल तर माझ्या घरातलं आणि माझ्या सांगण्यानं ऐकणारं कुणीही या सहलीला येणार नाही, आणि बाकीच्यांनाही मी येऊ नका असंच सांगेन.

आपली,
पोर्ट ऑगस्टाची एक मराठी परिचारिका